सपाट बांधावरची दोन सिटांची सायकल

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली ती लांबलचक वस्तू म्हणजे मीच. दोन सिटा, दोन हँडलं, चार पायडलं आणि चाकं मात्र दोनच. मला पाहिलं की माणसं आधी हसतात, मग माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि शेवटी विचारतात, "ही चालते का हो?" गेली चौदा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. चाकांवर उभी असलेली वस्तू चालते का, असं विचारणाऱ्या प्राण्याबद्दल मला आदर वाटत नाही. तो वाटावा असं त्यांनी काही केलेलंही नाही. एका आंधळ्या म्हाताऱ्याने केलं, तेवढं सांगायचंय म्हणून आज तोंड उघडलं.

माझा जन्म कारखान्यातला नाही. एका वेल्डरने आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या सायकली कापल्या आणि मला जोडलं. पुढचा भाग उंच दांडीच्या सायकलीचा, मागचा बायकांच्या सायकलीचा. त्यामुळे माझ्या अंगात सुरुवातीपासूनच एकमत नाही. वेल्डर भला माणूस होता, म्हणजे कमी बोलणारा. त्याने सांधे कानशीने घासले, काळा रंग दिला आणि मला न्यायला आलेल्या बाईला सांगितलं, "हिचे सांधे तुटायचे नाहीत. वर बसणारे तुटतील." त्याचं म्हणणं खरं ठरायला एक आठवडा पुरला.

ती बाई म्हणजे माझी मालकीण. समुद्रकाठच्या सायकल मार्गाच्या तोंडाशी तिचं भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे. बाहेर दोन ओळींत सायकली, आत टेबलावर पंक्चरचं सामान, पाण्याचं घमेलं, खिळ्यांना लटकवलेल्या ट्यूबा. मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहतात.

मार्गाबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यावरून जाईल. आमच्याकडची जमीन सपाट आहे. एवढी, की शेजारच्या गावात कोणी छत्री उघडली तरी इथून दिसते. समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा एक बांध आहे, दोन पुरुष उंच. भरतीला समुद्राचं पाणी शेतांपेक्षा वर चढतं. म्हणजे शेतं, घरं, गोठे, सगळं त्या बांधाच्या जिवावर कोरडं आहे. पूर्वी बांधावर नुसती पायवाट होती. मग पर्यटन कचेरीला जाग आली. बांधाच्या माथ्यावर डांबर पडलं, दर किलोमीटरला दगड लागला आणि पाटी उभी राहिली: सत्तर किलोमीटर, वाहनमुक्त, एकही चढ नाही.

मोटारी आत येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खुंट रोवले. खुंटांना कुलूप, आणि किल्ली मार्गाच्या साहेबाकडे. त्यामुळे या वाहनमुक्त मार्गावर मोटार घेऊन येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे वाहनमुक्त मार्गाचा साहेब. मोटारीची काच खाली करून दिसेल त्याला तो विचारायचा, "कसा सपाट आहे ना?" लोकांनी त्याचं नाव सपाटसाहेब ठेवलं, आणि ते त्याला शोभलं.

या सपाटपणासाठी लोक लांबून लांबून येतात. मोटारीच्या टपावर सायकली बांधून, दिवसभर धूर सोडत येतात, आणि इथे उतरून म्हणतात, हवा किती स्वच्छ आहे. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, बुडाखाली गादी शिवलेली चड्डी, आणि हँडलला आरसा, मागून मोटार येतेय का ते बघायला. चढ नसला की वाऱ्याला शिव्या घालतात. वारा नसला की सायकलीला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण रंधा मारून सपाट करून दिलं तरी यांचं रडगाणं आहेच.

मला भाड्याने घेतात ती बहुतेक नवरा-बायको. माझी चारही पायडलं एकमेकांना साखळीने बांधलेली आहेत. एकाने पाय मारले की दुसऱ्याचे आपोआप फिरतात. झालं, मागे बसलेल्याला तेवढंच पाहिजे असतं. पाय नुसते ठेवायचे, समुद्र बघायचा आणि मधूनमधून "जोर लाव की" म्हणायचं. दहाव्या किलोमीटरला भांडण, बाराव्याला अबोला आणि परत आल्यावर दुकानातल्या अभिप्रायाच्या वहीत 'अविस्मरणीय अनुभव'. एकदा मागची बाई बुटाची नाडी बांधायला उतरली आणि पुढचा तिच्याशी बोलत बोलत दोन किलोमीटर निघून गेला. उत्तर येत नाही याचं त्याला काही नवल वाटलं नसावं.

चौदा वर्षांत मागच्या सिटेवर मन लावून पाय मारणारा एकच माणूस बसला, आणि तो म्हणजे मालकिणीचे वडील. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा या बांधाचे राखणदार होते. चौतीस वर्षं रोज हातात काठी घेऊन बांध चालायचे, खेकड्यांची बिळं बुजवायची, कुठे माती सरकलीय ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, आणि पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मग घरात बसून त्यांनी लेकीला हैराण केलं. चहा गार आहे, रेडिओ खोटं बोलतो, शेजाऱ्याचा कोंबडा वेळ चुकवतो. शेवटी एक दिवस मालकिणीने वैतागून त्यांना उचललं ते माझ्या मागच्या सिटेवर बसवलं. तेव्हापासून दुकान उघडायच्या आधी रोज आमची फेरी. पुढे ती, मागे अण्णा.

माणूस खडूस होता, पण पायांचा सच्चा. दिसत नाही म्हणून तो बांध पायांनी बघायचा. दुकानापासून सहाव्या किलोमीटरच्या दगडापर्यंत पायडलाचे चौदाशे फेरे, हे त्याचं मोजमाप. वारा पाठीवर असला तर पन्नास कमी. समुद्र बघायला येणाऱ्या डोळस पाहुण्यांपैकी निम्म्यांना परत आल्यावर समुद्र डावीकडे होता की उजवीकडे हेही सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी सहाव्या दगडाच्या जरा पुढे अण्णा पहिल्यांदा म्हणाले की इथे पायडल हलकं झालं आणि लगेच जड झालं. म्हणजे उतार आणि चढ. मालकिणीने सांगितलं की या मार्गावर चढ नाही, पाटीवर लिहिलंय. अण्णा म्हणाले की पाटी त्यांना दिसत नाही, हे एक बरंच आहे.

खळगा होता खरा. दोन बोटं खोल, पाच-सहा पावलं लांब. पण सपाटपणाचे भाडेकरू दोन बोटंही सोसत नाहीत. ज्याला त्याला धक्का बसायला लागला. एकाची पाण्याची बाटली पडली, एकाच्या कमरेत उसण भरली, एकाने वहीत पानभर तक्रार लिहिली. मालकिणीने कचेरीत फोन केला. गिऱ्हाईक तुटलं तर दुकान बंद, आणि दुकान बंद तर बापलेकींनी खायचं काय, एवढा तिचा साधा हिशोब होता. सपाटसाहेबाने लगोलग डांबरवाले पाठवले. त्यांनी खळग्यात गरम डांबर ओतलं, छोटा रोलर फिरवला, वर लांब फळी ठेवून पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा मधोमध आला. साहेबाने बुडबुड्याचा फोटो काढला.

सहा महिन्यांनी खळगा पुन्हा पडला. पुन्हा फोन, पुन्हा डांबर, पुन्हा बुडबुडा. मग चार महिन्यांनी. मग दोन. दरवेळी अण्णांच्या पायांना आधी कळायचं आणि गिऱ्हाइकांच्या कमरांना नंतर.

अण्णा मग सांगायला लागले की त्या जागी बांधाच्या पोटात एक जुनी मोरी आहे. शेतातलं पाणी समुद्रात सोडायला कोणे एके काळी बांधलेली. एकतीस वर्षांपूर्वी ती गळायला लागली, तेव्हा त्यांनीच दोन्ही तोंडांना लाकडी फळ्या ठोकून, चिकणमाती भरून ती बुजवली होती. फळ्या पंचवीस वर्षं टिकतात, हे त्यांनी त्या वेळच्या साहेबाला सांगितलं होतं. तोंडी. आता फळ्या कुजल्या असणार, आणि भरतीचं पाणी आत जाऊन दरवेळी थोडी थोडी माती घेऊन बाहेर येत असणार. म्हणजे खळगा वर पडत नव्हता. बांध आतून पोकळ होत होता आणि वरून डांबर चढत होतं.

मालकिणीने ऐकून घेतलं, जसं म्हाताऱ्याचं ऐकून घेतात तसं. तरी एकदा ती त्यांना सपाटसाहेबाकडे घेऊन गेली. मी कचेरीच्या दारात उभी होते, सगळं ऐकलं. साहेब अण्णांशी ओरडून बोलत होता. डोळे गेलेल्या माणसाचे कानही गेलेत असं शहाण्या लोकांना का वाटतं, हे मला कोडंच आहे. त्याने नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं, आंधळ्या माणसाला दाखवायला, आणि म्हणाला की नकाशात मोरी नाही, म्हणजे मोरी नाही. अण्णा म्हणाले की बुजवली म्हणून नाही. साहेब हसला. मालकीणही कसनुशी हसली. परतताना अण्णांनी पाय मारले नाहीत. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझी मागची पायडलं मला जड वाटली.

हसलेली ती बाई त्या दिवशी माझ्या मनातून उतरली. आधीही फार वर होती असं नाही.

मग साहेबाच्या डोक्यात मोठ्या फेरीचं खूळ आलं. तीनशे सायकली, एकसारख्या टोप्या, सकाळी नऊला दुकानासमोरून सुरुवात. दिवस ठरवला तो नेमका अमावास्येचा, वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. समुद्राच्या काठावर नोकरी करणाऱ्या माणसाने भरतीचं वेळापत्रक बघू नये, ही अक्कल वेगळी कमवावी लागते. भरती साडेअकराची होती. मालकिणीच्या सगळ्या सायकली आदल्या दिवशीच ठरलेल्या. वर्षभराची भाकरी त्या एका दिवसात निघणार होती. सहाव्या दगडापाशी नऊ दिवसांपूर्वीच नवं डांबर पडलेलं, म्हणून तीही निर्धास्त होती.

त्या दिवशी सकाळी सातला आम्ही नेहमीसारखे निघालो. वारा नव्हता. सहावा दगड मागे पडला आणि पायडल हलकं झालं.

आता ही गंमत ऐका. पायडलं एका साखळीत असल्यामुळे जे अण्णांच्या पायांना कळलं तेच तिच्या पायांना कळलं. नऊ दिवसांच्या डांबरावर. तिची पाठ ताठ झाली, मला दिसलं. आणि तरी ती म्हणाली, "काही नाही अण्णा, वाऱ्याची झुळूक आली."

अण्णांनी पाय रोखले. माझ्यावर एकाने पाय रोखले की दुसऱ्यालाही रोखावे लागतात. आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. ते म्हणाले, "वारा मला अंगाला लागतो, तुला पायाला लागतो का?"

अण्णा चाचपडत खाली उतरले आणि म्हणाले, "हिला मागून उचल. हातभर वर. आणि सोडून दे."

ही म्हणजे मी. माझी परवानगी कोणी विचारली नाही. तिने मला मागच्या सिटेला धरून उचललं आणि डांबरावर सोडलं. ठक. तीन पावलं पुढे, पुन्हा ठक. इतका अपमान त्या नवरा-बायकोंनीही केला नव्हता. माझ्या तारा झणझणल्या, मागचा मडगार्ड सैल झाला. पुढे तीन पावलं, ठक. आणखी तीन. या वेळी आवाज आला तो ढब्ब असा, रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा. तिने पुन्हा आपटलं. ढब्ब. माझ्या चाकाखाली जमीन नाही, नुसती साय आहे, हे मला माझ्या रिममधून कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मी घाबरले.

तीही घाबरली. तिने साहेबाला फोन लावला. तो म्हणाला की पाहुणे आलेत, बँड आलाय, फेरी झाल्यावर बघू. तिने फोन खिशात टाकला आणि अण्णांना म्हणाली, "आज फेरी नाही झाली तर दुकान उठेल." अण्णा सायकलीच्या मागे उभे होते, काठी नसलेला हात हवेत धरून. तिने त्यांना हाताला धरून दगडाच्या अलीकडे आणलं, गवतावर बसवलं आणि मला उचलून मार्गावर आडवी टाकली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. माझी लांबी पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाची ठरली.

साडेनऊला फेरी आली. तीनशे टोप्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. मग सुरू झालं. एक म्हणाला त्याने सुट्टी काढलीय. एक म्हणाला थांबलं की त्याचे स्नायू गार पडतात. एकीने माझ्यावरून सायकल उचलून न्यायला सुरुवात केली, तर मालकिणीने तिचं चाक धरून ठेवलं. पाच-सहा जणांनी माझा फोटो काढला. आपल्या पायाखालचा बांध फुटेल असं कोणी सांगतंय, आणि माणसं फोटो काढतायत. यांना बुडू द्यावं असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. सपाटसाहेब खुंट काढून, मोटारीत बँडवाले कोंबून बांधावर आला होता. टोप्यांनी वाट दिली. मोटार माझ्यापासून दहा हातांवर थांबली. साहेब उतरला, मला ओलांडून पुढे गेला आणि त्या जागेवर बुटाने दोनदा आपटून म्हणाला, "हे बघा. सपाट आहे." मग त्याने मालकिणीला सांगितलं की सायकल बाजूला घे, मोटार पुढे नेऊन दाखवतो, म्हणजे सगळ्यांची खात्री पटेल.

अण्णा गवतावरूनच बोलले, आणि त्याच्याशी नाही, लेकीशी. "शेताच्या बाजूने खाली उतर. पायथ्याशी पाणी झिरपत असेल. ते स्वच्छ आहे की गढूळ, तेवढं मला सांग."

ती घसरत खाली उतरली. भरती चढत होती. समुद्राच्या बाजूला पाणी बांधाच्या कमरेला लागलं होतं. खाली गवतात ती वाकली आणि तिने पाण्यात हात घातला.

"गढूळ आहे, अण्णा. बुडबुडे येतायत."

"मग माती चाललीय," अण्णा म्हणाले. "साहेब, मोटार मागे घ्या."

साहेबाचा चेहरा तेव्हा त्याच्या मार्गाइतकाच सपाट झाला. बांधावर मोटार वळवायला जागा नाही. ती नसावी म्हणूनच तर त्याने खुंट रोवले होते. मग सहा किलोमीटर उलटी मोटार, मागे तीनशे सायकली, आणि मोटारीच्या मागे वाट करत जाणारा बँड. एवढ्या वर्षांत मला कधी हसू आलं असेल तर ते तेव्हा.

खालच्या शेतांतली माणसं मालकिणीच्या हाकेसरशी मातीची पोती घेऊन धावली आणि गढूळ पाणी येत होतं त्या भोकावर टाकायला लागली. अण्णा ओरडले. एवढा आवाज त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. बुजवू नका, बुजवलं तर पाणी दुसरीकडून फोडेल, भोवती पोत्यांचं कडं करा आणि आत पाणी चढू द्या, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांना खाली नेलं. ते चिखलात गुडघे टेकून बसले, पाण्यात हात घालून. कडं मांडीएवढं झालं, कमरेएवढं झालं. आत पाणी चढलं तसं बाहेर यायचा जोर कमी झाला. साडेअकरा वाजून गेले. अण्णांनी बोटं एकमेकांवर घासली आणि विचारलं, आता कसं दिसतंय? लेक म्हणाली, निवळतंय.

बांध टिकला. एकही शेत भिजलं नाही. त्यामुळे कोणालाच फारसं काही झाल्यासारखं वाटलं नाही.

ओहोटीला डांबरवाले आले आणि त्यांनी पहार मारली. चौथ्या घावाला पहार हातातून सुटून आत गेली, आणि ती खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. मग त्यांनी कडा फोडल्या. आत एक माणूस उभा राहील एवढी पोकळी होती आणि वर मूळ डांबरावर ठिगळांचे थर, एकावर एक. मालकीण पुढे झाली आणि बोट लावून मोजायला लागली. सहा. सहाही फोन तिचेच होते. ती तिथेच बसली आणि अण्णांना म्हणाली, "हे सगळं मीच घालायला लावलं. तुम्ही सांगत होतात आणि मी फोन करत होते."

अण्णा म्हणाले, "खड्डा दिसला की माणूस बुजवतो, पोरी. मीही तेच केलं होतं."

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. मार्ग बंद झाला, दोन वर्षांसाठी. दुकानातल्या सायकली मालकिणीने एकेक करून विकल्या. मला कोणी घेतलं नाही, ज्याने त्याने विचारलं, "ही चालते का हो?" आता ती दुकानात शिलाई मशीन घेऊन बसते. टोपीवाल्या तीनशेंपैकी एकानेही पुन्हा तोंड दाखवलं नाही. वहीत मात्र शेरा आला: 'आयोजन ढिसाळ.'

मग चौकशी बसली. चौकशी म्हणजे दोष कुठे ठेवायचा याची जागा शोधणं. साहेब एवढंच म्हणत राहिला की नकाशात मोरी नव्हती. अण्णांना बोलावलं तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. त्यांना सांभाळून घ्यायला एक कारकून कानाशी म्हणाला, की आजोबा, आठवत नाही म्हणा. अण्णांनी भर खोलीत सांगितलं की चांगलं आठवतंय, मोरी मी बुजवली, फळ्यांचं आयुष्य मला माहीत होतं आणि ते मी लिहून ठेवलं नाही. कचेरीला आयतं मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर संन्यासी स्वतः चालत आला की काम किती सोपं होतं.

परवा चौकशीच्या निकालाचं पत्र आलं. मालकिणीने दारात, माझ्याशेजारी उभं राहून फोडलं आणि मनात वाचलं. अण्णा मागच्या सिटेवर बसून तयार होते. आमची फेरी अजून चालते. बंद बांधावर रोज सकाळी, ठिकठिकाणी उतरून, मला उचलून आपटत. माझी मागची रिम त्यात वाकडी झाली आहे, चार तारा गेल्या आहेत.

अण्णा म्हणाले, मोठ्याने वाच. ती म्हणाली, नंतर वाचते. ते म्हणाले, आत्ता. तिने वाचलं. निवृत्त राखणदाराने बुजवलेल्या मोरीची लेखी माहिती कार्यालयाला न दिल्यामुळे बांधास धोका उत्पन्न झाला. पुढे अण्णांचं पूर्ण नाव. साहेबाचं नाव कुठेच नव्हतं, डांबराचंही नव्हतं. वाचताना ती रडत होती, आणि आवाजात ते येऊ नये म्हणून एकेक शब्द तोडून वाचत होती. अण्णांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि त्या क्षणी माझ्या मनात या माणसांबद्दल जे आलं ते सांगण्याजोगं नाही.

अण्णांनी विचारलं, "सोबत नकाशा जोडलाय का?"

तिने पान उलटलं. होता.

"त्यात मोरी आली?"

"आली."

"दगडाच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे. बावीस मीटर लिहिलंय."

अण्णांनी ओठ हलवून मनात काहीतरी मोजलं. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. आता पुढच्याला सापडेल." आणि पाय पायडलांवर ठेवले.

तिने पत्र खिशात कोंबलं, डोळे पुसले आणि पुढे बसली. आज पुन्हा फेरीची वेळ झालीय, तुम्ही आता जा. मार्ग सुरू झाला की याल, ते मला माहीत आहे, आणि मागच्या सिटेवर बसून समुद्रही बघाल. निदान पाय मारा. आम्हाला उशीर होतोय.